क्विकली नावाचा कुत्रा

प्रिय ताई,

तू मजेत असशील. मी नाही. रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर लाल पेन घेऊन बसू नकोस.

शाळा सुटली की ठकी तुझ्याकडे, आणि हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करून मी सुटले की तिला घेऊन घरी, असं वर्षभर चाललं. तू तिला इंग्रजी व्याकरण शिकवतेस याचं मला कोण कौतुक! लॉन्ड्रीतल्या बायकांना सांगत सुटायचे, आमच्या ठकीची मावशीच शाळेतली बाई, आम्हाला शिकवणी कशाला हवी!

मग एकदा घरी तिच्या हातून पेला फुटला. काचा बघत ती म्हणाली, "मी आईवर गेलेय ना." मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी फ्रॉकची बटणं वरखाली लागली, तेव्हाही तेच. वजाबाकी चुकली, पुन्हा तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मांडीवर घेऊन विचारलं, तर माझ्या ओढणीचं टोक पिळत भडाभडा बोलली.

तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी चहाला आल्या होत्या. तू तिला मधोमध उभं केलंस आणि "द डॉग रॅन क्विकली" यातला नाऊन विचारलास. ती म्हणाली, डॉग आणि क्विकली. का, तर क्विकली हे त्या कुत्र्याचं नाव! ताई, उत्तर चुकलं, मान्य. पण नाऊन म्हणजे नाव, हे पोरीला कळलं होतं की नाही? बायका हसल्या, हसू देत. तू मात्र म्हणालीस, "आईवर गेलीय, दुसरं काय!"

मला ढ म्हण, तोंडावर म्हण. लहानपणापासून ऐकतेय, कान किटले तरी जीव गेला नाही. पण माझ्या लेकीला तू तिच्या आईचीच शिवी शिकवलीस! नाऊन-व्हर्ब राहिले बाजूला, तेवढं एकच तिचं चोख पाठ झालं.

म्हणून तिला तुझ्याकडे पाठवणं बंद केलं. सकाळची पाळी मागून घेतली. आता दुपारी आम्ही दोघी पुस्तक घेऊन जमिनीवर बसतो. मलाही अर्धंअधिक येत नाही, डिक्शनरी उघडते, चुकते, पुन्हा बघते. प्रिपोझिशन आले की ती पलंगाखाली शिरून "अंडर" ओरडते, कपाटामागून "बिहाइंड". घर डोक्यावर घेते. परवा अ‍ॅडव्हर्ब शिकताना दुधाचा कप स्लोली आणता आणता मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, कुत्रा कसा धावला? क्विकली! म्हणजे ते त्याचं नाव नाहीच!" आणि स्वतःच इतकी हसली की दूध सांडलं. सांडल्यावर मात्र घाबरून माझ्याकडे बघायला लागली. ती नजर बघायला तू हवी होतीस.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काल तू मला टाळून ठकीच्या बाबांना फोन केलास. म्हणे, पोर वाया जाईल, तिला कायमची माझ्याकडे ठेवा, रविवारी न्यायला येते. आणि हे म्हणाले, बघू! ठकी दाराआड होती. संध्याकाळी तिने मला विचारलं, "मावशीकडे राहून मी हुशार झाले, की मला परत घरी आणशील ना?" ताई, ठकी कुठेही जाणार नाही. ह्यांनाही बजावलंय, हे 'बघू' पुन्हा ऐकायचं नाही. रविवारी यायचं तर ये, माझ्या हातचं जेव. पण उंबऱ्याच्या आत नुसती मावशी म्हणून ये, बाई म्हणून नको.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी