एकाच बेटावरची दोघं

बाबा, तुम्हाला आयर्लंडबद्दल सांगायचं राहून गेलं आहे. तुम्ही गेलात त्याला तेव्हाच दहा वर्षं झाली होती आणि मी शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहीत होते. दोन हजार सातचा मार्च. बाहेर रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, आणि आत टेबलाटेबलावर हिरव्या कागदाच्या टोप्या, कारण आयरिश लोकांचा सण जवळ आला होता. ऑफिसचं एक छोटं मासिक निघायचं. मॅनेजर मला म्हणाला, "आपल्याकडच्या दोन आयरिश लोकांवर एक पान लिही. काहीतरी आनंदाचं." दोघं माझ्याच टीममधली. ती बेलफास्टची, म्हणजे उत्तरेची, जो भाग अजून ब्रिटनकडे आहे आणि ज्यात त्यावरूनच तीस वर्षं बॉम्ब आणि गोळीबार चालला होता. तो कॉर्कचा, दक्षिणेतल्या स्वतंत्र देशाचा. मला वाटायचं, एकाच बेटावरची माणसं इतक्या लांब भेटली की गळ्यात पडत असतील. ही दोघं एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

मी दोघांना एकत्रच कॅफेटेरियात बसवलं. त्याने सणाची मिरवणूक सांगितली, आजीच्या हातचा सोडा ब्रेड सांगितला. मग ती म्हणाली, "आता माझं लिही. मी पंधरा वर्षांची होते. आईबरोबर सुट्टीला दक्षिणेत समुद्रकाठी गेले होते. खोली देणाऱ्या बाईने आमच्या बोलण्याचा हेल ऐकला आणि विचारलं, तुम्ही काही गडबड तर करणार नाही ना? बेलफास्टमध्ये आयरिश म्हणून शिव्या खायच्या, आणि आयर्लंडमध्ये गेलं की आम्ही उत्तरेचे." तो खुर्चीत सरकला. "रोज टीव्हीवर तुमच्याकडचे बॉम्बच दिसायचे. आम्ही काय समजायचं?" ती म्हणाली, "तेच तर. बॉम्ब दिसायचे. माझी आई शाळेत शिकवायला जायची, ते कधी दिसलं?" दक्षिणेतल्या रेडिओ-टीव्हीवर उत्तरेतल्या काही पुढाऱ्यांचा आवाज ऐकवायलाच कित्येक वर्षं बंदी होती म्हणे. "ह्यांनी आम्हाला ऐकलंच नाही," ती मला म्हणाली, "आमच्याबद्दल ऐकलं."

आणि मला नागपूरचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी नववीत आहे, आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून शाळेच्या वह्या तपासताय. मी पेपर मोठ्याने वाचते, "वस्तीतील जमाव बेकाबू झाला." तुम्ही मान वर न करता विचारता, "जमाव म्हणजे कोण?" मी म्हणते, "दंगा करणारे लोक." तुमचा लाल पेन थांबतो. "तुझा मामा होता त्यात. समोरची मावशी होती, पाण्याचा हंडा घेऊन. तू होती का तिथं? नाही. हे लिहिणारा होता का? तोही नाही. मग आपल्याच माणसांना जमाव कशी म्हणते, बेटा?" तुम्ही आवाज चढवला नव्हता. पण त्यानंतर कुठलीही बातमी वाचताना हे कोणी पाहिलं, असं मनात येतंच.

मी दोघांचंही लिहिलं. मॅनेजरने तिचा सगळा भाग खोडून कागद परत दिला. म्हणाला, "सण आहे. लोकांना मिरवणूक हवी, बॉम्ब नको." मी म्हटलं, "यात बॉम्ब नाही. खोली भाड्याने देणारी एक बाई आहे." तो हसला आणि फोनकडे वळला. घरी नवरा म्हणाला, "सोड ना यार. ग्रीन कार्डचे पेपर त्याच्याच सहीसाठी अडकलेत. एका पानासाठी रिस्क घेतेस?" त्याचं चुकत नव्हतं. तिसरीतल्या मुलीने चित्र रंगवता रंगवता विचारलं, "मम्मा, आर यू इन ट्रबल?" "नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझं ठरलं.

सकाळी आधी कॉर्कवाल्याकडे गेले, कारण पानावर तोही होता. वाचून त्याचे कान लाल झाले. "यात मी दुष्ट दिसतो." मी म्हटलं, "मग काय राहिलं ते सांग." तो कागद पुन्हा वरपासून वाचून म्हणाला, "उत्तरेची नंबरप्लेट दिसली की माझी आई गाडी लांब नेऊन लावायची. वाईट नव्हती ती. घाबरलेली होती. सीमेपलीकडे आयुष्यात एकदाही गेली नाही, पण तिकडचं सगळं आपल्याला माहीत आहे असं तिला वाटायचं, कारण रोज नऊच्या बातम्या बघायची. हे लिही." मी लिहिलं. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. "छापायचं तर दोघांचं. नाहीतर पानच नको." तो म्हणाला, "यू आर डिफिकल्ट." मी म्हटलं, "हो."

छापून आलं. शेवटच्या पानावर, फोटोशिवाय. काही आठवडे मॅनेजरने मला मीटिंगला बोलावलं नाही. सही केली, पण बरीच रखडवून. ती दोघं काही जिवलग झाली नाहीत. पण जेवायला एका टेबलावर बसू लागली आणि भांडू लागली, कुणाचा पेपर जास्त खोटं लिहायचा यावरून. एकदा त्याने मध्येच विचारलं, "तुझी आई काय शिकवायची?" ती म्हणाली, "भूगोल. अख्ख्या बेटाचा." दोघं इतकी हसली की सगळा कॅफेटेरिया वळून बघू लागला.

हे तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं, आणि ज्यांना पोचू शकेल त्यांना मी दाखवणार नाही. एकच सांगते. पुढे माझी टीम बदलली, मजलाही बदलला, त्या टेबलाशी माझं काही काम उरलं नव्हतं. त्यांच्या हेलामुळे अर्धं बोलणं मला कळायचंही नाही. तरी मी रोज डबा घेऊन खाली जायचे आणि त्यांच्यात बसायचे. तुम्ही गेल्यापासून, बाबा, पेपरातल्या बातमीवरून असं मन लावून माझ्याशी भांडणारं कोणी राहिलं नाही.