सहा मिनिटांवरची खोली

प्रिय मल्लेश,

नाव वाचून दचकू नका. एकवीस वर्षांत हे नाव मी फक्त उखाण्यात घेतलं, तेही चार बायकांनी चिमटे काढल्यावर. पण आज 'अहो' लिहून सुरुवात केली तर निम्मा राग तिथेच विरेल, आणि मला तो पत्र संपेपर्यंत पुरवायचा आहे. फोनच केला असता. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाला दाखवायचं पातेलं, आणि माझं बोलणं दुकानात बसलेल्या सगळ्या उदगीरला ऐकू जातं. म्हणून पत्र. हे तरी एकट्याने वाचा.

तीन वर्षांपूर्वी अक्षराला दहावीत चांगले मार्क पडले आणि तुम्ही लातूरला खोली बघायला आलात. मला आणलं नाहीत. घड्याळ लावून क्लासच्या फाटकापासून खोलीपर्यंत चालून पाहिलंत, सहा मिनिटं लागली, आणि खोली पसंत केलीत. एवढं मोठं शहर, गोलाईपासून औसा रोडपर्यंत पसरलेलं, त्यात आम्ही दोघींनी कुठे राहायचं हे तुमच्या मनगटावरच्या घड्याळाने ठरवलं. घरी येऊन तुम्ही ते सहा मिनिटांचं इतकं कौतुक सांगितलंत, की खोलीला खिडकी आहे का हे विचारायचं मला सुचलंच नाही. खिडकी आहे. तिच्यासमोर क्लासची मोठी पाटी आहे, पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंची. फोटो रस्त्याच्या बाजूला, आमच्या बाजूला पाटीची पाठ. तीन वर्षं आम्ही गंजलेले लोखंडी अँगल बघत चहा प्यालो.

मालक नरसिंगरावांचे नियम तुम्हाला माहीतच आहेत, तुम्हीच मान डोलावून आला होता. टीव्ही नको, पाहुणा नको, संध्याकाळी पाच ते नऊ कुकरची शिट्टी नको, कारण पोरं अभ्यास करतात. भांड्यांच्या दुकानदाराची बायको मी. तुम्ही कौतुकाने दिलेला पाच लिटरचा कुकर फळीवर ठेवून तीन वर्षं पातेल्यावर ताट झाकून डाळ शिजवली. त्या इमारतीत मला नाव नव्हतं. मी 'अक्षराची मम्मी', शेजारची 'धम्मप्रियाची मम्मी'. तिचं नाव पारूबाई, नांदेडकडच्या लोहा गावची. तुम्ही एकदा आवाज खाली करून विचारलं होतं, शेजारी कोण आहेत म्हणून. मी पारूबाई आहेत एवढंच सांगितलं. तुम्हाला काय विचारायचं होतं ते कळलं होतं, म्हणूनच एवढंच सांगितलं. तीन वर्षं आम्ही एकमेकींच्या ताटात जेवलो, आणि त्याबद्दल तुम्हाला आणखी काही सांगायची मला गरज वाटत नाही.

परीक्षेचं नावच 'नीट', बाकी नीट काही झालं नाही. पहिल्या वर्षी कमी पडले, दुसऱ्या वर्षी एकोणीस मार्क वाढले आणि तरी कमीच पडले. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. इथे ओझं शिंगरावर होतं आणि हेलपाटे माझ्याकडे. पोरीचे केस गळून मोरीच्या जाळीत अडकायचे. मी ते काढून कागदात गुंडाळून टाकायची, तिला दिसू नयेत म्हणून. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बदाम भिजवून दे. उंटावरून शेळ्या हाकायला उदगीर तसं फार लांब नाही.

जूनमध्ये निकाल लागला आणि आठवड्याभरात तुम्ही क्लासला फोन करून तिचं नाव पुन्हा रिपीटर बॅचमध्ये घातलंत. तिला विचारलं नाहीत, मला विचारलं नाहीत. ती दप्तर घेऊन जायला लागली. मला वाटलं, पोरगी शहाणी आहे. तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. हा राग सगळाच तुमच्यावर नाही, थोडा माझ्यावरही आहे.

मग तो सोमवार. मी पीठ मळत होते, हात भरलेले, म्हणून मीही फोन स्पीकरवर टाकला होता. अक्षराला दोन दिवस घरी आणू का, असं मी विचारलं. तुम्ही हसत म्हणालात, नंबर लागल्याशिवाय उदगीरला येऊन काय करणार, लोक विचारतील तर मी काय सांगू? दुकानातले दोघे-तिघे हसले. तुम्ही चेष्टा केली असेल. अक्षरा माझ्यामागे भिंतीला टेकून मोजे घालत होती. तिने मोजे घातले आणि ती क्लासला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासचा मेसेज तुमच्या फोनवर आला, आपली पाल्य आज गैरहजर आहे. तुम्ही तो मला पुढे पाठवलात, खाली तीन प्रश्नचिन्हं टाकून. फोन नाही, तीन प्रश्नचिन्हं! मी तुम्हाला कळवलं की पोट दुखतंय, खोलीवरच झोपलीय. ते खोटं होतं. ती खोलीवर नव्हती. सकाळी सातला गेलेली पोरगी दुपारी अडीचपर्यंत कुठे होती, हे मला ठाऊक नव्हतं. पारूबाईने गॅस बंद केला, चप्पल घातली आणि म्हणाली, "चला ताई, रडत बसू नका, आधी स्टँडवर बघू." क्लास, लायब्ररी, झेरॉक्सचं दुकान हे सगळं सोडून तिला स्टँड का सुचला देव जाणे. अक्षरा तिथेच होती. उदगीरच्या फलाटासमोरच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. सकाळपासून तिने उदगीरच्या अकरा गाड्या सोडल्या होत्या. तिकिटाचे पैसे होते, गाडीत जागा होती. मी विचारलं, बाई गं, बसली का नाहीस? ती म्हणाली, "घरात जायचं तर दुकानातून जावं लागतं."

हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. आपलं घर दुकानाच्या वर आहे. जिना तराजूशेजारून वर जातो. मी लग्न होऊन आले ती त्याच वाटेने आले आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझ्या लेकीला मात्र तेवढी दहा पावलं जड झाली.

त्या दिवशी मी तिला खोलीवर नेलं नाही. गोलाईत गेलो, तिघींनी उसाचा रस प्यायला. आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, तुला कुठे राहायचंय? ती म्हणाली, जिथून क्लास दिसणार नाही तिथे. मग आम्ही रोज क्लास सुटल्यावर चार वाजता निघायचो. बार्शी रोड पाहिला, अंबाजोगाई रोड पाहिला, एका ठिकाणी घरमालकिणीने आधीच विचारलं की पोरगी कितवीला, किती मार्क, तिथून आम्ही जिन्यावरूनच परतलो. तीन वर्षं ज्या शहरात राहिले ते मी त्या दहा दिवसांत पाहिलं. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. मला बाजारात कुणी ओळखत नव्हतं, तेही आवडलं.

याच आठवड्यात नरसिंगराव हसत जिना चढून आले. "साहेबांचा फोन आल्ता वैनी, अजून एक साल खोली तुमचीच हाय, रविवारी सही करायला येऊन राहिलेत." ही बातमी मला मालकाकडून कळली. तुमच्याकडून नाही. त्या क्षणी मला तुमचा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

तर आता ऐका. खोली काल सोडली. किल्ली नरसिंगरावांना दिली, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालंय, तळमजल्यावर. गल्लीत पोरं भांडतात, बायका दारात बसून मेथी निवडतात, कोण कितवीत आहे याची कुणाला पडलेली नाही. अक्षराने साध्या बीएस्सीला नाव घातलंय, स्वतः फॉर्म भरून. आणि मीही इतक्यात उदगीरला येणार नाही. हे तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

रविवारी सही करायला येऊ नका, दाराला कुलूप असेल. अव्वा नांदेडला केवळावन्संकडे गेल्यात असं तुम्हाला वाटतंय. तुम्हीच गाडीत बसवून दिलंत. त्या तिथे दोनच दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी वन्संनी त्यांना लातूरच्या गाडीत बसवलं. म्हणजे तुमची आई आणि बहीण दोघीही यात सामील आहेत, राग वाटून घ्या. अव्वा आत्ता माझ्यासमोर पाय पसरून बसल्यात. पत्राखाली मी नव्या घराचा पत्ता लिहायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "घर पोरीनं निवडलंय. मल्लेशला पत्ता द्यायचा का न्हाई, ते तिला इचार." मी अक्षराला विचारलं, अप्पांना पत्ता कळवू का? ती म्हणाली, थांब.

मी थांबलेय. तुम्हीही थांबा.

रागावलेली, तरी तुमचीच,
नीलम्मा