बुडालेल्या कंपनीची गाडी

बा, तुझी गाडी परवा ठाण्यात पाहिली. तुझी म्हणजे तीच नव्हे, तिची सख्खी बहीण म्हण. जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, शेजारची मुलगी हट्टानं घेऊन गेली, आणि रांगेत तिसरी ती उभी. तेच लांबट तोंड, तेच वटारलेल्या डोळ्यांसारखे दिवे, तीच लाकडी आऱ्यांची चाकं. रंग असा की त्यात तोंड पाहून घ्यावं. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते आणि मला दरदरून घाम फुटला होता. मालक भला माणूस. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कौतुकानं गाडीची कुळकथा सांगू लागला. कंपनी अमेरिकेतली, आधी घोडागाड्या बनवायची, मग मोटारी. शेजारच्या कारखान्यांतून गाड्या भराभर बाहेर पडत आणि ही माणसं एकेक इंजिन हातानं घासत बसत. मंदी आली तेव्हा इतकी महाग गाडी घेणारं कोणी उरलं नाही आणि एका सकाळी कारखान्याला कुलूप लागलं. "अशा कितीतरी कंपन्या बुडाल्या, आजी," तो हळहळून म्हणाला, "कोणाला पत्ताही नाही." मी म्हटलं, मला आहे. ती कंपनी बुडाली त्याचा मार शहापूर तालुक्यात माझ्या आईनं खाल्ला. म्हातारी काहीतरी बरळते आहे असं त्याला वाटलं असावं.

तानसा धरणाच्या कामावरच्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना आपली गाडी तुझ्या, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरच्या, हवाली केली, तेव्हा तू तिच्या चाकाखाली कोंबडा कापलास आणि शहापूर ते मुरबाड सर्व्हिस सुरू केलीस. दोन-तीन वर्षं राजासारखा मिरवलास. मग गिअरचा दात गेला. तू मुंबईच्या दुकानाला पत्र लिहून घेतलंस, उत्तर इंग्रजीत आलं, ते घेऊन शाळेत मास्तरांकडे गेलास. मास्तर म्हणाले, "कंपनी बंद पडली आहे. तिचे पार्ट आता कुठेच मिळणार नाहीत." तू त्यांच्या कानाखाली ओढलीस. मास्तरांनी खाली पडलेला चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि उरलेलं पत्र वाचून दाखवलं. त्या वाचण्याबद्दल मला अजून त्यांचा अभिमान वाटतो.

त्या दिवसापासून गाडीचं काही मोडलं की आईचं काही मोडायचं. गिअरच्या वेळी तिचे पुढचे दोन दात, पंख्याच्या वेळी कानाचा पडदा. तुझ्याकडे क्लीनरसुद्धा टिकत नसे, तुझ्या हातामुळेच. नवरा वारल्यावर मी एकोणिसाव्या वर्षी माहेरी परत आले आणि तू मलाच स्टिअरिंगवर बसवलंस. बॅटरी कधीच मेली होती, गाडी पुढून हँडल मारूनच सुरू व्हायची. तू हँडल मारायचंस, मी आत बसून ठिणगीचा दांडा सांभाळायचा. तू शिकवलंस मात्र नीट, आणि मायेनं, हे मान्य करते. "दांडा वर ठेव, गो. खाली असला तं ठिणगी आधी पडंल, हँडल उलटा येल नि माझा हात तोडंल." मी मान डोलावते आहे, तू हसतो आहेस. तसा तू क्वचितच हसायचास.

लढाई सुरू झाली, पेट्रोल कूपनावर आलं, आणि नेमका म्हसा गावच्या जत्रेच्या तोंडावर मागच्या चाकावरचा, धक्के झेलणारा कमानीचा पाटा तडकला. तू लोहाराकडे नवा घडवायला घेतलास. तापलेला पाटा पाण्यात बुडवायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, कोयत्याला देतोस तसं कडक पाणी दे. लोहार म्हणाला, "ह्यो पाटा हाय दादा, कोयता नाय. ह्याला लवला पायजे. कडक केला तं काचेवानी तुटंल." तुला वाटलं तो तुझ्या गाडीला मऊ लोखंड लावून फसवतो आहे. तू त्याची मान धरून निखाऱ्यांवर वाकवलीस. त्याच्या भुवया जळल्याचा वास मला आला. त्यानं मुकाट्यानं कोयत्याचं पाणी दिलं.

पाटा किन्हवलीच्या उतारावर कडकन तुटला. गाडी कलंडता कलंडता राहिली, जत्रेला निघालेली माणसं एकमेकांवर आपटली, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. अखेर तुटक्या पाट्याखाली लाकडाचा ठोकळा बांधून, इंजिनाच्या धक्क्यानं तो सुटेल म्हणून पुढे बैल जुंपून ती घरी आणावी लागली आणि वाटेतल्या गावागावांतून पोरं ओरडत राहिली, "बैलगाडी आली, बैलगाडी!" तू ते सगळं गिळलंस. अंगणात आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं नुसतं विचारलं, "मोडली का?" तुझ्या हातात हँडल होतं. पहिला घाव दंडावर, दुसरा मनगटाच्या वर. वाळका बांबू मोडावा तसा आवाज आला. सूप उलटलं, तांदूळ लाल झाले आणि कोंबड्या येऊन ते वेचू लागल्या. तू हँडल धोतराला पुसलंस. "बस गो गाडीत. ठोकळा सुटला तं सुटूंदे. त्या लोहाराचे हात तोडून येतो. आल्यावर हिचा उरलेला बघतो."

मी बसले. दांडा वर होता. मी तो पूर्ण खाली ओढला. चुकून नव्हे. हँडल तुझ्या कपाळात बसेल आणि तू मरशील, असं मला वाटलं होतं. तू मेलास तर आई वाचेल, एवढाच माझा हिशेब होता. तू रागाच्या भरात पूर्ण जोर लावलास. हँडल उलटं फिरलं, तुझा हात मागे पिळवटला आणि पांढरं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तू धुळीत बसलास. रडला नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. "दांडा वर व्हता ना, गो?" तोवर मी तो वर करून ठेवला होता. "व्हता, बा." तू विश्वास ठेवलास. त्या विश्वासाची मला आजही लाज वाटते, दांडा ओढल्याची वाटत नाही.

हाडवैद्यानं एकाच बांबूच्या कामट्या काढून तुम्हा दोघांचे हात बांधले, दोघांचेही उजवे. आई डाव्या हातानं तुला पेज भरवायची आणि तू मधल्या घासाला थांबून त्या सातासमुद्रापलीकडच्या कंपनीच्या आयाबहिणी काढायचास. एकदा विहिरीवर आई हळूच म्हणाली, "दांडा तूच खेचलास ना?" मी पोहरा विहिरीत सोडला. "परत नको करू, गो. आता मला दोघांचा करावा लागतंय." आम्ही दोघी हसलो, इतक्या की तिचा बांधलेला हात दुखून आला.

तुझा हात जुळला, पण वाकडा. मूठ वळेना. मग तू डाव्या हाताची सवय करू लागलास आणि आई पुन्हा दबकून चालू लागली. त्याच सुमारास लढाईनं लोखंडाला भाव चढला आणि कल्याणचा भंगारवाला गाडी फोडायला माणसं घेऊन आला. तू त्यांना बाजूला सारलंस, डाव्या हातात घण घेतलास आणि "माझा हात खाल्लास, रांडे!" म्हणत तिच्या दिव्यांवर, बॉनेटवर, चाकांवर तुटून पडलास. दुपार उलटली तरी थांबला नाहीस. भंगारवाल्याची माणसं आंब्याखाली विड्या ओढत बसून राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, बा. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला हे वाचून दाखवायची छाती माझ्यात कधी नव्हती. एक तेवढं कबूल करते. त्या गरीब गाडीचा काही गुन्हा नव्हता आणि मला ते सांगता आलं असतं. पहिला घाव पडला तेव्हा शब्द ओठांवर आला होता. मग मी वळून पाहिलं. आई ओट्यावर पाय पसरून बसली होती, आणि तुझा घण वर जात होता तरी ती दचकत नव्हती. मी गप्प राहिले.