पंपाला ग्रीस

३ फेब्रु., मंगळवार. हौद – ३१ बोटं.

कमलला नांदेडला जाऊन आज बारा दिवस. वैशालीची मुलगी दहा दिवसांची झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, आमच्यात उलटं झालं. आईच लेकीकडं गेली. मी फोनवर विचारलं होतं वै.ला, लातूरला का येत न्हाईस म्हणून. तर म्हणे, ‘बाबा, रोज वीस दुपटी धुवावी लागतात. तुम्ही सांजच्याला हौदात गज घालणार, अन् कुणी किती सांडलं विचारणार. मला न्हाई जमायचं.’

लागलं मनाला.

गज डेपोतला हाय. डिझेलची टाकी मोजायचा. चौतीस वर्षं वर्कशॉपला मेकॅनिक होतो, मोजायची सवय जाता जात न्हाई. अन् नळ पंधरा-सोळा दिवसांनी येतो. मोजू नको तर काय करू?

क. जाताना म्हणाली, ‘वैशालीचे पाच मासे धड सांभाळा. तेवढं जमलं तर तिला मी म्हणते, सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन लातूरला चल.’ म्हणजे माझी परीक्षा. चौसष्टाव्या वर्षी. माशांवरून.

अन् आज त्यांच्या काचेच्या टाकीतला पंप घुरघुरायला लागला.

५ फेब्रु., गुरुवार. हौद – २९.

घुर्रर्र. मधीच खड्. परत घुर्रर्र. टाकी वै.नं पहिल्या पगारात आणलेली, लग्न झाल्यावर इथंच ठेवून गेली. हॉलमधी टीव्हीच्या बाजूला. तीन वर्षांत या पंपाचा कधी आवाज आला न्हाई. क. गेली अन् लगेच आला. मशीनलाबी बाई कळते का काय!

आवाज ऐकून बसचा रोग सांगणारा माणूस मी. बेअरिंग का बुश, लांबून सांगायचो. बघितलं तर पाणी चार बोटं आटलेलं. पंपाचं तोंड उघडं पडून हवा ओढून राहिला होता. हौदातले पाच तांबे ओतले. आवाज बंद. खलास.

आटलं तेवढंच भरायचं. टाकीतलं पाणी बदलायचं असतं असं क. कधीतरी म्हणाली होती. लई ओरडलो होतो तिच्यावर. ज्या गावाला रेल्वेनं आणलेलं पाणी प्यावं लागलं, त्या गावात चांगलं पाणी मोरीत ओतायचं? परत तिनं विषय काढला न्हाई.

चारला पेन्शनरच्या मीटिंगला गेलो. दर गुरुवारचं. चहा पांचट.

८ फेब्रु., रविवार. हौद – २६.

परत घुर्रर्र. पाणी भरलेलं हाय तरी. सकाळपासून डोकं उठलं. पेपर वाचता येईना.

पंप बाहेर काढून खोलला. शी! शी! शी! आत शेंबडासारखा बुळबुळीत गाळ. गाळणीच्या स्पंजातून काळं पाणी निघालं. कुजलेल्या नाल्याचा वास. ऑइलमधी हात घालून भाकर खाल्लेला माणूस मी, पण हे न्हाई सहन झालं. तीनदा साबण लावला तरी बोटांना वास. दुपारी वरणभात तोंडापाशी नेला अन् तसाच खाली ठेवला.

आतला पंखा अंगठ्याएवढा. त्याच्यावर पांढरा कडक थर, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा. चाकूनं खरवडला. एक पातं तुटलं. बसवून चालू केला तर आवाज दुप्पट.

क.चा व्हिडिओ कॉल. नात दाखवली. झोपलेली, मूठ गालाला. मी म्हणलं, डोळे उघडव की. तर क. म्हणे, ‘तो कसला आवाज येऊन राहिला?’ म्हणलं, रस्त्यावर गाडी हाय. मागून वै. म्हणाली, ‘गाडीचा आवाज परवडला, बाबांचा पाण्यावरचा आवाज नको.’ दोघी हसल्या. मीबी हसलो. काय करणार.

११ फेब्रु., बुधवार. हौद – २३.

तीन दिवस घुर्रर्र-खड् ऐकून बेजार. खाली रबराची पट्टी घातली, काचेला लागतो का पाहिलं, उलटा लावला, सुलटा लावला. फरक शून्य. बंद करून ठेवला तर मासे वर येऊन आ करून राहिले. म्हणजे बंदबी ठेवता येईना.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. पंख्यामधली दांडी कोरडी फिरून राहिली! आवाज येणारच. माळ्यावर ग्रीसचा जुना डबा होता. दांडीला बोटभर लावलं, पंख्याच्या भोकात भरलं. बसवला. चालू केला.

चूप. एकदम चूप. टाळी वाजवावी वाटली, पण बघायला घरात कुणी न्हाई. चौतीस वर्षांचा हात हाय, ऐरागैरा न्हाई.

१२ फेब्रु., गुरुवार. हौद – २२.

सकाळी सातला टाकीपाशी गेलो. पाण्यावर तेलाचा तवंग. डेपोच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचल्यावर दिसतो तसा, जांभळा-हिरवा. दोन मासे पांढरी पोटं वर करून. बाकीचे तीन तोंड वर काढून तडफडून राहिलेले. वै.चा मोठा सोनेरी, तिनं ज्याचं नाव पाटील ठेवलं, तो कोपऱ्यात तिरका पडलेला.

हातानं दोन्ही मेलेले काढले. चिकट. ग्रीसचे. माझ्या हाताला तोच वास जो चौतीस वर्षं होता, अन् आज तो हात लांब धरला. कुंडीत पुरले. शेजारच्या महानंदाबाईंनी भिंतीवरून बघितलं अन् पदर नाकाला लावला. लिंगायताघरची बाई, मासा म्हणलं तरी चूळ भरेल.

रिक्षानं माशांच्या दुकानात. रशीदभाई म्हणून म्हातारा हाय, माझ्याच वयाचा. सांगितलं. तो पंप हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला. ‘भाईसाब, इसकू ग्रीस लगाए? इसका ग्रीस पानीच है ना.’

मग विचारतो, ‘पानी कब बदले थे?’

म्हणलं, बदलत न्हाई. आटलं तेवढं भरतो.

त्यानं कपाळाला हात लावला. आटतं ते निस्तं पाणी. क्षार टाकीतच राहतो. वरून भरलं की अजून क्षार. त्याचाच तो पांढरा थर, त्याचीच ती खडखड. अन् माशांची घाण आत साठून राहते ती वेगळीच. ‘आप खुद रहते क्या ऐसे पानी में?’ असं म्हणला.

तवंगामुळं आता सगळंच टाकायचं. काच साबण न लावता धुवायची. नवा पंखा-दांडी त्यानं दिली. तिथून पुढं हफ्त्याला दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या. मेले तसेच दिसणारे दुसरे दोन मासे हायत का विचारलं. ‘मिलते. पर जिनके है, वो पहचानते.’ न घेता आलो.

त्याच दिवशी, पाच वाजता.

मीटिंगला गेलो न्हाई. हौदातलं शिळं पाणी बादलीत घेऊन तिन्ही मासे त्यात सोडले. मग टाकीचं पाणी काढायला लागलो. पहिली बादली मोरीत ओतताना हात थांबला. खरंच थांबला. नळ यायला अजून चार दिवस. डोळे बारीक करून ओतली. दुसरी. तिसरी.

भिंतीपलीकडून महानंदाबाई, ‘अवो भाऊ, मोरीत का ओतून राहिले? इकडं द्या की! कमलवहिनी तर दर गुरुवारी दोन बादल्या देत्यात.’

मी म्हणलं, काय?

बाई म्हणल्या, आता तोंडून गेलंच हाय तर ऐका. दर गुरुवारी मी मीटिंगला गेलो की क. टाकीतल्या दोन बादल्या काढून भिंतीवरून द्यायची, अन् हौदातल्या दोन टाकीत घालायची. त्यांचा कढीपत्ता त्याच्यावरच एवढा माजलाय. त्या माशांचं पाणी म्हणून आधी नको म्हणल्या, मग झाडाला चालतं म्हणल्या. सासऱ्याला मात्र अजून माहीत न्हाई, रोज फोडणीत खातो. बाईंनी मला शपथ घातली, त्याला सांगू नका म्हणून.

मी म्हणलं, पण हौद तर मी रोज मोजतो. दोन बादल्या कमी झाल्या असत्या तर मला कळलं असतं.

बाई माझ्याकडं बघून म्हणल्या, ‘कशा कमी होतील? वहिनी गुरुवारी अन् शुक्रवारी आंघोळच करत न्हाईत. अंग पुसून घेत्यात. तुमचा हिशेब जुळावा म्हणून.’

ग्रीसचं पाणी हाय, झाडाला नको, एवढंच बोललो. नऊ बादल्या ओतल्या, धुण्यासकट.

१३ फेब्रु., शुक्रवार. हौद – १३.

कपाटातून जुन्या रोजनिश्या काढल्या. तीन वर्षांच्या. गुरुवारचा आकडा बघितला, मग शुक्रवारचा, मग शनिवारचा. कुठंच जास्त उतार न्हाई. सगळे बरोबर. माझ्याच अक्षरात, खाली लाल रेघ मारून.

एका पानावर लिवलंय, ‘क.ला उन्हाळ्यात अंगावर पुरळ. डॉक्टरनी पावडर दिली. हौद ठीक.’

थू माझ्या जिंदगीवर. माशाच्या गाळाची किळस आली होती मला. हे वाचून त्याच्या दसपट आली. बाईमाणूस मे महिन्यात लातुरात दोन-दोन दिवस अंग पुसून राहिली, अन् मी शेजारी बसून ‘हौद ठीक’ लिवत होतो.

पंप नवीन पंख्यावर चालू. आवाज न्हाई. ऐकत बसलो तरी न्हाई.

१५ फेब्रु., रविवार. हौद – १०.

व्हिडिओ कॉल. क.नं मासे दाखवा म्हणलं. म्हणलं, आधी ऐक. दोन मेले. मी ग्रीस लावलं पंपाला.

ती म्हणाली, ‘मला गुरुवारीच कळलं. महानंदाबाईंचा फोन आला होता.’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘तुम्ही कवा सांगता ते बघत होते.’

आंघोळीचं विचारायचं होतं. मग कसंबसं म्हणलं, गुरुवारी आंघोळ करत जा. ती म्हणाली, ‘इथं रोज करून राहिले की.’ अन् फोन वै.कडं दिला. वै. पाटील कसा हाय एवढंच बोलली. म्हणलं, तिरका पोहतोय, पण खातोय. ‘बरं. जय भीम बाबा,’ अन् ठेवला.

माशांमधी नापास. ते तर दिसूनच राहिलं. पुढचं विचारायची हिंमत झाली न्हाई.

१७ फेब्रु., मंगळवार. हौद – ३४.

नळ आला. एक दिवस उशिरा. हौद भरला, ड्रम भरले, पातेलीबी भरली. नात आली तर तिच्यासाठी एक ड्रम वेगळा ठेवावा म्हणलं. मग त्याच्यावर खडूनं खुणा करायला लागलो, रोज किती लागंल त्याच्या. अर्ध्यात लक्षात आलं. छ्या! जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. ओल्या फडक्यानं पुसल्या.

१९ फेब्रु., गुरुवार. हौद – ३१.

मीटिंगला न जाता टाकीतल्या दोन बादल्या काढल्या. भिंतीवरून महानंदाबाईंना दिल्या. गाळ ढवळला की अजून तोच वास, तीच किळस. नाकाला गमछा बांधून काढल्या. क. तीन वर्षं हे करून परत माझ्यासाठी भाकरी थापायची. मला एकदाबी वास आला न्हाई.

बाईंनी कढीपत्ता दिला मूठभर. नको म्हणता आलं न्हाई. आमटीत घातला अन् डोळे मिटून खाल्ला.

२३ फेब्रु., सोमवार. हौद – २७.

पाटील अजून तिरकाच. रशीदभाई म्हणतो, ‘देखते. बचा तो बचा.’ त्याच्या सांगण्यावरून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून बघितला. डावा कल्ला फुगलेला वाटतो. बाकीचे दोघं ठणठणीत.

क.चा फोन, की २ मार्चला सव्वा महिना होतो. वै.चं सासर उमरीचं, ते लोक म्हणून राहिले, बाळाला आधी उमरीला आणा. मी म्हणलं, वै. काय म्हणते? क. म्हणाली, ‘ती म्हणते, बाबांचा गज कुठं हाय ते विचार.’

२६ फेब्रु., गुरुवार. हौद – बघितला न्हाई.

सकाळी गज महानंदाबाईंच्या अंगणात नेऊन रोवला. वालाच्या वेलाला आधार पाहिजे होता त्यांना. बाई म्हणल्या, ‘भाऊ, हा काढून घ्यायला यायचं न्हाई परत.’ म्हणलं, न्हाई.

फोटो काढला. गज, वेल, मागं कढीपत्ता. वै.ला पाठवला. खाली कायी लिवलं न्हाई. काय लिवणार? लगेच दोन निळ्या खुणा आल्या. टाइप करून राहिली असं वर दिसलं. मग बंद झालं. परत दिसलं. परत बंद.

दोन बादल्या काढल्या, दोन घातल्या. पाटील आज एकदा सरळ झाला, पंपाच्या धारेपाशी गेला, अन् परत तिरका.

अर्धा तास फोन हातात धरून बसलो. मग उठून अंगणात दुपटी वाळायला दोरी बांधली. या खांबापासून त्या खांबापर्यंत, वीस तरी मावतील एवढी.