लाकडी पिस्तुलाचं विमान चुकलं

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो अजून कपाटातच आहे? इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला आणि गाणं परत आलं (खोकला बरा होता). तू चार दिवस फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. साठाव्या वाढदिवसाला सख्खी बहीण आली नाही म्हटल्यावर राग येणारच, पण आधी हकिगत वाच आणि मग हवं तितकं रागाव.

तुझ्यासाठी काय आणत होते ते आता सांगायला हरकत नाही. बाबांचं लाकडी पिस्तूल! शाळेच्या नाटकात मी चोर होते आणि तू इन्स्पेक्टर. तेव्हा बाबांनी टेबलं-खुर्च्यांच्या कामातून वेळ काढून ते कोरलं, काळा रंग दिला आणि घोड्याला खरा स्क्रू बसवला. शेवटच्या प्रवेशात तू ते माझ्या हातून हिसकावलंस आणि पडदा पडल्यावरही परत दिलं नाहीस. मग मी ते तुझ्या दप्तरातून काढून घेतलं. तेव्हापासून ते कोणाचं यावर आपण किती वर्षं भांडलो! (चोराचं हत्यार चोराकडेच असतं, हे माझं म्हणणं तू कधीच मानलं नाहीस.) म्हटलं, आता साठीला तरी देऊन टाकावं. मोठी बॅग आदळआपट करत जाते, घोडा मोडेल, म्हणून ते हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभी होते. पट्ट्यावर पर्स ठेवायच्या वेळी वाटलं, मशीनमध्ये दिसून गैरसमज होण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. आपल्या शाळेतल्या सिस्टरनी शिकवलेलं तुझ्याही अंगात मुरलेलं असेल: कोणी विचारण्याआधी खरं सांगायचं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचं आणि पूर्णविरामाला मनात तीन मोजायचे. मी हात वर केला आणि म्हणाले, "माझ्या पर्समध्ये पिस्तूल आहे." एक, दोन, तीन. "ते लाकडाचं आहे." पण दुसरं वाक्य ऐकायला कोणी उभंच नव्हतं.

एक गृहस्थ ट्रेच्या टेबलाखाली शिरले, ते खांद्यापर्यंतच मावले. एक बाई आपल्या नवऱ्यामागे लपली आणि नवरा तिच्यामागे जायला बघत होता. ज्यांनी पट्टे काढून ट्रेमध्ये ठेवले होते त्या पुरुषांची खरी पंचाईत, कारण दोन्ही हात वर करावेत तर पॅन्ट खाली जाते. एकाने एकच हात वर केला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याची माफी मागावीशी वाटली. लांब कुठेतरी कोणीतरी "बॉम्ब, बॉम्ब!" म्हणून धावत सुटलं. पिस्तुलाचा बॉम्ब व्हायला पन्नास पावलंसुद्धा लागली नाहीत.

मला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथला अधिकारी तुझ्या लेकाच्या वयाचा, चेहऱ्याने भला. म्हणाला, "आजी, हळू सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो." (मी आजी दिसते का गं?) त्याने पिस्तूल उलटसुलट केलं, आत काही आहे का ते बघायला मुठीवरचा रंग किल्लीने खरवडला, खाली सागवान निघालं. मग त्याने नियम समजावला: हत्यारासारखं दिसणारं काहीही, खेळण्यातलंसुद्धा, विमानात सोबत नेता येत नाही. आकडेबाज मिशांचे त्याचे साहेब आले, पिस्तूल हातात धरून एक डोळा मिटून भिंतीवर नेम धरला, आणि मी बघतेय असं लक्षात आल्यावर घाईने खाली ठेवून म्हणाले, "नियम म्हणजे नियम, बाई." बाजूला काढून घेतलेल्या वस्तूंचा मोठा डबा होता, त्यात कात्र्या, सुऱ्या, प्लॅस्टिकची तलवार. त्यात बाबांच्या हातची वस्तू टाकायची? मला जमेना. मी घरी परत आले. सामानात दिलेली बॅग सोडवून घ्यायला आणखी दोन तास गेले.

तेव्हा तुझ्या वाढदिवसाच्या आड मी आले नाही, नियम आला. केक कसा झाला होता ते कळव. गुडघ्याला जप.

तुझीच,
ताई

ता. क. खोटं लिहून हे पत्र पाकिटात घालवत नाही. त्या मुलाने सांगितलं होतं, सामानाची खिडकी अजून उघडी आहे, पिशवीत घालून देऊन या, मी बरोबर माणूस देतो, विमान मिळेल. मीच नको म्हणाले.

आणखी एक ता. क. बाबा रंग देण्याआधी प्रत्येक नगावर गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीने लिहीत. मुठीवरचा रंग खरवडला तिथे त्यांच्या अक्षरात 'चिमी' निघालं. म्हणजे इतकी वर्षं तुझंच होतं. ते वाचलं आणि मला ते हातातून सोडवेना. तू ये आणि घेऊन जा. मागितल्याबरोबर मात्र देणार नाही, आत्ताच सांगते. निदान आठ दिवस राहून मागावं लागेल.