शुभांगीचा डबा

गुरुवार, संध्याकाळ

शुभांगीचा स्टीलचा डबा घासून ओट्यावर ठेवलाय. नजर सारखी तिकडेच जाते.

काल साहेबांनी जाहीर केलं, आखातातल्या आपल्या सगळ्या शाखांचा आयटी विभाग रियाधला एकत्र होणार. सगळ्यांनी मिळून मंदीतून वर यायचं म्हणे. 'सहकार्य', 'सहकार्य'! भाषण मीच, एचआरवालीनं, लिहून दिलेलं.

आयटीतल्या शुभांगीला वाटलं, विभाग मोठा होतोय म्हणजे बढती. आज शिरा घेऊन आली. "ताई, तुमच्यामुळे झालं हो!" आणि मी? दोनदा मागून खाल्ला. त्यात आमच्या शाखेतल्या सहा जागा जाणार, ती यादी माझ्याच ड्रॉवरमध्ये. तिसरं नाव तिचं. नवरा आणि मुलगी तिच्याच नोकरीच्या इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, इथे राहतात. रविवारपर्यंत बोलायचं नाही, अशी तंबी आहे मला. पण शिरा नको म्हणता आलं नसतं का?

उरलेला तिने डब्यासकट माझ्या लेकीसाठी दिला. "मम्मा, टेल आंटी इट वॉज सो गुड," म्हणाली ती.

कुणाचा डबा रिकामा परत करू नये, साखर तरी घालावी, असं आई सांगायची. रविवारी ऑफिस उघडलं की शुभांगीला डबा द्यायचाय. नोकरी गेल्याचं पत्रही मीच द्यायचंय.

मघाशी डब्यात साखर भरली. मग परत बरणीत ओतली.