खोली गेली

५ ऑगस्ट, मंगळवार

माझ्या अकरावीने आज वर्गात कोर्ट भरवलं! कादंबरीतल्या काळ्या माणसावर न केलेल्या खुनाचा आळ. साबिया त्याची वकील, बारा पोरं ज्युरीत. ती कडाडली, "निकाल आधी ठरवलात, प्रश्न नंतर विचारताय!" मागून शिट्टी आली. ओरडायला हवं होतं. नाही ओरडले!

महाळुंग्याच्या कारखान्यातली शिफ्ट करून आलेल्या नवनाथला जेवताना सगळं सांगितलं. "बिचारा! नुसत्या कातडीवरून?" भाकरी तशीच हातात. असा नवरा मिळायला नशीब लागतं बाई.

सासूबाईंचं वेगळंच. भाड्याची वरची खोली बघायला कुणी आलं की पहिला सवाल — "गाव कंचं? आडनाव काय?"

७ ऑगस्ट

साबियाच्या घरमालकाला जागा रिकामी हवीय. भोसरीत दुसरी मिळाली नाही, तर तिचे वडील — गॅरेजवाले अकबरभाई — घरच्यांना बार्शीला धाडणार. म्हणजे हिचं कॉलेज बंद! म्हटलं, आमची वरची खोली आहे की. पाठव अब्बूंना.

११ ऑगस्ट

साबिया मान खाली घालून — "मॅडम, तुमच्या घरून सांगितलं. खोली गेली म्हणे."

गेटवर बोर्ड तसाच! आडनाव विचारणारं घरात कोण आहे, ठाऊकच आहे मला. घरी आले ती सासूबाईंशी बोललेच नाही.

१२ ऑगस्ट

अबोला. त्या दोनदा म्हणाल्या, "काय झालं गं?" मी पातेलं आपटलं.

१३ ऑगस्ट

जेवताना त्याच बोलल्या. "तुझ्या पोरीचा बाप परत आलाच न्हाई की गं! चहा पाजला मी. गाव इचारलं तर बार्शी — माझ्या बहिणीला दिलंय तिथं! खोली तुमचीच म्हणले व्हते."

मी नवनाथकडे बघितलं. भाकरी तशीच हातात.

"मीच फोन केला," म्हणाला. "उगाच कटकट नको, आपल्यातलंच कुणी बघू म्हटलं."



१४ ऑगस्ट

सासूबाईंनी त्यालाच किल्ली देऊन गॅरेजवर पिटाळलं. "फोन न्हाई. तोंडानं सांग जा." मीही गेले. साबिया तिथेच होती. तिने विचारलं, "मॅडम, नाही कोण म्हणालं होतं?" मी तोंड उघडायच्या आत नवनाथ म्हणाला, "मी."  अकबरभाईंनी हात पुसून किल्ली घेतली. साबिया राहणार!

आता माझी पाळी. दोन दिवस तोंड फिरवलं, एका शब्दानं विचारलं नाही त्यांना. सासूबाई ओट्याशी आहेत. जाते.